ताइफमधली ऑक्टोबर छाटणी

माझे मामेसासरे जगात कुठेही राहिले तरी नाशिक जिल्ह्याच्या बाहेर कधी पडले नाहीत. अकरा वर्षं ते सौदी अरेबियात, कुवेतच्या हद्दीला लागून असलेल्या अल खफजी गावात, एका ठेकेदार कंपनीचे स्टोअरकीपर होते. पण जूनमध्ये पारा पन्नासाला टेकला की घाम पुसत म्हणायचे, "आपल्याकडे आता पावसाळी ढग आले असतील," आणि समुद्रावरून धुकं आलं की "या हवेत डावणी येते, फवारा काढावा लागतो" अशी काळजी करत बसायचे. डावणी हा द्राक्षाचा रोग, आणि खफजीत द्राक्ष सोडाच, सावलीपुरतं झाडही शोधावं लागे, हे त्यांना कोणी सांगायला जात नसे. मी त्यांच्याच खटपटीने त्या कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो होतो. नात्याने मी त्यांच्या भाचीचा नवरा, वयाने वीस वर्षांनी लहान. तरी ते मला "जावईबापू" आणि "तुम्ही" असंच म्हणायचे, ऑफिसात चारचौघांतसुद्धा. त्यामुळे कंपनीतले निम्मे लोक बापू हे माझं आडनाव समजत, आणि मी ते दुरुस्त करण्याचा नाद केव्हाच सोडला होता.

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि आमच्या कॅम्पपासून युद्ध हाकेच्या अंतरावर आलं. कंपनीने ज्यांच्यावाचून काम अडत नाही अशा चौदा जणांना निवडलं, बसमध्ये घातलं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, ताइफला, धाडून दिलं. त्या चौदांत आपलं नाव आहे याचा मामांना फार अपमान वाटला. "अकरा वर्षं स्टोअर सांभाळलं, एक नट हरवला नाही, आणि आता म्हणे तुमच्यावाचून अडत नाही," असं ते दीड दिवसाच्या प्रवासात दर दोन तासांनी म्हणत होते. आम्हाला घरी जायचं होतं, पण पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आम्हाला कामावर ठेवणाऱ्या मालकाच्या, ताब्यात आणि मायदेशी जाण्याची परवानगी बंद. तेव्हा ताइफ तर ताइफ.

ताइफ हे डोंगरावरचं गाव. वाळवंटी देशात असून तिथे डाळिंबं होतात, गुलाब होतात आणि मुख्य म्हणजे द्राक्षं होतात. हे कळल्यावर मामांचा अपमान जरा निवला. आम्हाला ठेवलं होतं ते हॉटेल बाजारामागच्या गल्लीत होतं. तीन मजले, मजल्यागणिक एक संडास-बाथरूम, खोलीत चार लोखंडी खाटा, आणि पूर्वी बहुधा हिरवा असलेला एक गालिचा, ज्यावर चपला काढून चालावं की घालून, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. कुवेतहून पळून आलेल्या कुटुंबांनी ताइफ भरून गेलं होतं. चांगल्या हॉटेलांत न मावलेले लोक आमच्या हॉटेलात दाटीवाटीने राहत होते. श्रीमंत घरातल्या बाया जिन्यात बसून भाजी निवडत, आणि त्यांचे म्हातारे दिवसभर रेडिओला कान लावून बसत. काउंटरवर श्रीवर्धनचे इब्राहिमभाई होते. मराठी कानावर पडताच त्यांनी आम्हाला आतल्या चौकाच्या बाजूची खोली दिली. त्या चौकात लोखंडी मांडवावर चढलेला एक जुना द्राक्षवेल होता. मनगटापेक्षा जाड खोड. मामा सामान खाली न ठेवताच त्या वेलाकडे गेले, खोडाला हात लावला आणि म्हणाले, "अरेरे, काय दशा केली आहे याची."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी हॉटेलात हाहाकार उडवून दिला. पोट साफ राहावं म्हणून मामा रोज भिजवलेल्या मनुकांचं पाणी प्यायचे. नाशिककडच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण सौदीत बंद बरणीत मनुका भिजत घालून ती कपाटात लपवणारा माणूस एकाच कामासाठी तसं करतो, असा सगळ्यांचा समज असतो. झाडूवाल्याला बरणी सापडली, तो वास घेऊन पळत खाली गेला आणि इब्राहिमभाई घाम फुटलेल्या अवस्थेत वर आले. "मामा, ह्यो काय प्रकार हाय? शराब केलीत? माझी नोकरी जाईल, तुमची पाठ सोलतील." मामांना काही उमगेना. द्राक्षाचं माणूस खाण्यापलीकडे दुसरं काही करतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी शांतपणे बरणी तोंडाला लावली, अर्धी संपवली आणि उरलेली इब्राहिमभाईंपुढे धरून म्हणाले, "घ्या, सकाळी मोकळं होतं." इब्राहिमभाईंनी एक घोट घेतला तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

पण हे सगळं वरवरचं होतं. मामांच्या पोटात खरी आग होती ती धाकट्या भावाची. आम्ही त्यांना धाकटे मामा म्हणायचो. ते कुवेतमध्ये इलेक्ट्रिशियन होते. घरच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या त्या माणसाला उठवून आखातात आणलं ते मामांनीच. धाकट्या मामांची यायची इच्छा नव्हती. "दोन वर्षं काढ, मग पुन्हा बागेतच जायचं आहे," असं सांगून मामांनी त्यांना विमानात बसवलं होतं. ऑगस्टपासून त्यांचं पत्र नाही, फोन नाही. मामा हॉटेलात येणाऱ्या प्रत्येक कुवेती माणसाला गाठून विचारायचे. अरबी त्यांना स्टोअरपुरतीच येत होती; खिळे, पाइप, कमी, जास्त, उद्या आणि खलास. एवढ्या शब्दांत भाऊ कसा विचारणार? मग ते भावाचा फोटो पुढे धरत आणि बल्ब बसवण्याचा अभिनय करत. पहिल्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याने फोटो बराच वेळ पाहिला आणि आपल्या झग्याच्या खिशातून स्वतःच्या मुलाचा फोटो काढून मामांपुढे धरला. त्याचा मुलगाही तिकडेच राहिला होता. त्यानंतर ते दोघे रोज संध्याकाळी वेलाखाली शेजारी शेजारी बसू लागले. एकाचं एक अक्षर दुसऱ्याला कळत नसे, आणि तरी एकमेकांचं बोलणं ते मध्ये तोडत नसत.

दसरा झाला आणि मामांना स्वस्थ बसवेना. नाशिककडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये नव्या काड्या फुटाव्यात म्हणून खरड छाटणी, आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठीची. ऑक्टोबरची छाटणी चुकली तर वर्ष बुडालं. मामांनी ट्रंकेच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली छाटणीची कात्री काढली. ती अकरा वर्षं त्यांनी खफजीच्या वाळूत कशासाठी जपली होती हे मी कधी विचारलं नाही. एका शुक्रवारी सगळे नमाजाला गेले असताना हा गृहस्थ शिडी लावून मांडवावर चढला आणि दोन तासांत त्या वेलाचं पार मुंडण करून खाली उतरला. मी खाली उभा राहून काड्या गोळा करत होतो, म्हणजे गुन्ह्यात मीही सामील होतोच. हॉटेलचा मालक नमाजाहून परतला. साठीचा, गुडघे दुखणारा, कमी बोलणारा माणूस. तो वेल त्याच्या वडिलांनी लावलेला होता. त्याने वर पाहिलं, खाली पडलेल्या काड्यांकडे पाहिलं आणि पायरीवर बसून राहिला. इब्राहिमभाई दुभाषी झाले. "शेठ म्हणतो, आमच्याकडं वर्षातून एकदाच कापतात, थंडी सरताना. आता फुटवा आला तर थंडीत जळून जाईल." मामा म्हणाले, "त्यांना सांगा, एकशे वीस दिवसांत घड देतो. नाही दिला तर मला नाशिकचा म्हणू नका." इब्राहिमभाईंनी यातलं किती सांगितलं कुणास ठाऊक, पण मालकाने मामांकडे नवीनच आजार पाहावा तसं पाहिलं आणि तो निघून गेला. खोलीत आल्यावर मामा हलक्या आवाजात मला म्हणाले, "घड धरेपर्यंत त्याचा पत्ता लागतो बघा." ही कात्री त्यांनी कुणासाठी चालवली होती ते मला तेव्हा समजलं.

मी दर शुक्रवारी दुपारी बाजारातल्या टेलिफोन केबिनमधून पुण्याला बायकोला फोन करत असे. दिवाळीच्या चार दिवस आधी केला तेव्हा ती नीट बोलेना. मग म्हणाली, "धाकटे मामा गेले." कुवेतहून निघून ते इराकमार्गे जॉर्डनच्या सरहद्दीपर्यंत पोचले होते. तिथे उघड्या वाळवंटात तंबू होते, हजारो माणसं विमानाची वाट बघत होती, पाणी पुरत नव्हतं. त्यांना हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी ते संपले. सरणाला लाकूड कुठलं; सोबतच्यांनी तिथेच वाळूत पुरलं. बरोबर असलेला सिन्नरचा एक माणूस त्यांची पिशवी घेऊन घरी आला, तेव्हा सगळ्यांना कळलं. हे घडून महिना उलटला होता. "आईने सांगितलंय," बायको म्हणाली, "मोठ्या मामांना यातलं काही कळू द्यायचं नाही. परमुलुखात आहेत, युद्ध चाललंय, धक्का सोसणार नाही. घरी आले की सांगू." तिची आई म्हणजे माझ्या सासूबाई, दोघा मामांची थोरली बहीण. आमच्याकडे लांब असलेल्या माणसापासून वाईट बातमी अशीच सांभाळून ठेवतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फक्त ती सांभाळायला एक माणूस नेमतात, आणि तो बिचारा मी होतो.

मी हॉटेलात परतलो तर मामा चौकात उभे राहून हाका मारत होते. वेलाचे डोळे फुटले होते. काड्यांवर पोपटी, लोकरीसारखे कोंभ आले होते आणि मालक मान वर करून पाहत होता. कुवेती म्हातारा टाळ्या वाजवत होता. मामा मला म्हणाले, "बघा जावईबापू, म्हटलं नव्हतं?" मी हसलो. कसं हसलो ते माझं मला माहीत. दिवाळीला मामांनी खोलीतल्या विजेच्या शेगडीवर रव्याचे लाडू केले, हॉटेलभर वाटले, आणि चार लाडू डब्यात वेगळे काढून ठेवले. ते कुणासाठी, हे मी विचारलं नाही. माझ्या हातावर ठेवलेला लाडू मी त्यांच्यासमोर बसून खाल्ला.

डिसेंबरात डोंगरावरून वारा सुटला आणि मालकाचं म्हणणं खरं ठरायला लागलं. पानं कडेने काळी पडू लागली. आता नाशिकचा बागायतदार थंडीच्या लाटेत काय करतो, तर पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतो. मामांनी तेच केलं. खोक्यांच्या फळ्या, जुनी पोती आणि ओला भुसा घालून त्यांनी चौकात असा धूर केला की फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या, अजानला अर्धं हॉटेल खोकत उठलं. गावाजवळ हवाई दलाचा तळ, लढाई तोंडावर आलेली, आणि एक परदेशी इसम पहाटे आकाशाकडे धुराचा लोट सोडतोय. वीस मिनिटांत पोलीस हजर. मामांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, खफजीचा. सरहद्दीवरच्या गावचा माणूस इथे खुणा करतोय, एवढं त्यांना पुरे होतं. मामांना गाडीत बसवलं. मी आणि इब्राहिमभाई मागोमाग चौकीत गेलो, पण आमचं कोणी ऐकेना. शेवटी सुटका केली ती हॉटेलच्या मालकाने. दुखऱ्या गुडघ्यांनी तो स्वतः आला, हातात काळी पडलेली एक फांदी होती, ती त्याने टेबलावर ठेवली आणि बराच वेळ बोलत राहिला. परत येताना मी इब्राहिमभाईंना विचारलं, शेठ काय म्हणाले? "म्हणाले, ह्यो माणूस वेडा हाय, पण माझ्या बापाच्या वेलासाठी वेडा हाय."

जानेवारीत लढाई पेटली. डोक्यावरून विमानं जात, खिडक्यांच्या काचांना आम्ही चिकटपट्ट्या लावल्या. मामांनी लावलेल्या पट्ट्या इतक्या सरळ होत्या की खोली स्टोअरमध्ये पाठवायच्या पेटीसारखी दिसे. खफजीत इराकी रणगाडे घुसल्याची बातमी आली, तिथला आमचा कॅम्प मोडला, आणि तिथे मागे राहिलेल्यांपैकी दोघे जण कुठे आहेत ते कळेना. वेलावर एक पान उरलं नव्हतं. धरलेले दोन इवलेसे घोस वाळून पडले, ते मामांनी उचलून खिशात ठेवले. रात्री ते झोपत नसत, मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने कूस बदलत. मीही झोपत नसे. किती वेळा ओठांवर आलेलं गिळलं. मला तेव्हा सासूबाईंचा राग यायचा, बायकोचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त मामांचा यायचा, कारण ते रोज सकाळी मला विचारायचे, "काय वाटतं तुम्हाला, कुठे असेल तो?" आणि मी म्हणायचो, "असतील सुखरूप."

फेब्रुवारी संपता संपता कुवेत सुटलं. हॉटेलात पेढ्यांसारखी मिठाई वाटली, बाया रडल्या. थंडी सरली तेव्हा मालकाने वेल आपल्या पद्धतीने पुन्हा कापला आणि मामांना खांद्याला धरून सांगितलं, मूळ जिवंत आहे, एक वर्ष गेलं, खलास. मामांनी त्याचे हात धरले. पण त्यांचं चित्त तिथे नव्हतं. कंपनी खफजीला पहिली तुकडी पाठवणार होती, मोडतोड आवरायला. रस्त्यांवर सुरुंग, तेलविहिरी पेटलेल्या, दिवसा अंधार. कुणी नाव द्यायला तयार नव्हतं. मामांनी सगळ्यांच्या आधी दिलं. "खफजीहून हद्द किती ती," ते म्हणाले, "चालतसुद्धा जाईन. त्याच्या खोलीचा पत्ता आहे माझ्याकडे." त्यांनी बाजारातून भावासाठी एक शर्ट आणला होता. कॉलर आपल्या गळ्याला लावून मला विचारत होते, त्याला बसेल ना, तो वाळला असेल.

मग माझ्याने राहवेना. दुपारची वेळ होती, चौकात आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "मामा, तुम्ही जाऊ नका. धाकटे मामा तिकडे नाहीत." ते शर्टाची घडी घालत होते, ती त्यांनी पुरी केली. मी सगळं सांगितलं. तंबू, हगवण, वाळू, काहीच मागे ठेवलं नाही. शर्ट त्यांनी मांडीवर ठेवला. मग विचारलं, "कधी?"

"पितृपक्षात."

"म्हणजे मी वेल छाटला त्याच्या आधी."

"हो."

"दिवाळीला मी लाडू केले."

मी मान हलवली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधी चार दिवस."

आता ते मला बोलतील, हात उगारतील, काहीही करतील, अशी मी तयारी केली होती. केलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला अरे-तुरे केलं. "पाच महिने एकट्याने वागवलंस होय रे? मला सांगायचं होतंस, लेका. निम्मं मी उचललं असतं." आणि मग ज्याचा भाऊ गेला होता तो माणूस माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि रडत होतो मी.

उशिरा कळलेल्या मृत्यूचं सुतक किती दिवस, हे सांगायला ताइफात भटजी नव्हता. मामांनी पुरते दहा दिवस पाळलं. त्याच खाटेवर, गादी काढून. इब्राहिमभाई रोज भात आणि बिनफोडणीचं वरण आणून देत आणि दारातच ठेवून, दोन मिनिटं उभे राहून जात. कुवेती म्हातारा मायदेशी परत जाण्याआधी भेटायला आला. त्याचा मुलगा सापडला होता, ते सांगायची त्याला लाज वाटत होती. मामांनीच त्याच्या खिशातला फोटो मागून घेतला, पाहिला आणि मान डोलावली.

एप्रिलमध्ये परवानग्या सुटल्या आणि मामा कायमचे घरी गेले. मी पुढे जेद्दाला नोकरी धरली. घरी त्यांनी कुणालाही दोष दिला नाही. सासूबाईंना एवढंच म्हणाले की जावयांनी मला फार जपलं. मला मात्र त्यांच्यासमोर जाताना कित्येक वर्षं बिचकल्यासारखं व्हायचं. सात वर्षांनी माझे वडील पुण्याला वारले, तेव्हा घरात ठरत होतं की मला "तब्येत बरी नाही, ये" एवढंच कळवायचं. मामांनी घरच्यांच्या हातातून फोन घेतला आणि ऐन कामाच्या वेळी मला ऑफिसात लावला. "तुझे वडील गेले. सकाळी साडेसहाला. त्रास झाला नाही. मी इथेच आहे. तू आता रड, मी फोन धरून बसतो." आणि ते खरोखर धरून बसले. पलीकडून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

गेल्या वर्षी मामा गेले. मला नऊ दिवसांनी कळलं. मला ब्लड प्रेशर आहे, परदेशात एकटा असतो, म्हणून घरच्यांनी सांभाळून घेतलं. त्या नऊ दिवसांत मी दोनदा घरी फोन केला होता आणि दोन्ही वेळा मामा कसे आहेत म्हणून विचारलं होतं. बरे आहेत, असं मला सांगण्यात आलं. मी कुणावर रागावलो नाही. ताबडतोब फोन करून सांगेल असा आमच्या घरात एकच माणूस होता, आणि तोच गेला होता.